आधी घड्याळ, मग पंचांग, मग गाव

पुणे,
शनिवार सकाळ

प्रिय मित्रा,

तुम्ही दोघांनी, म्हणजे तू आणि तुझ्या जोडीदारणीनं, एका रात्रीसाठी कुठे जावं याची तुझी यादी मिळाली. अलिबाग, काशीद, दिवेआगर, गणपतीपुळे, तारकर्ली, पवना आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावून भंडारदरा. सात नावं, आणि हातात एक शनिवार-रविवार. नावं सगळी चांगली आहेत, पण तू सुरुवात शेवटाकडून केलीस. गाव सगळ्यांत शेवटी ठरतं. आधी घड्याळ बघायचं, मग पंचांग, मग तुम्हा दोघांच्या सवयी. या चाळण्यांतून यादी गाळलीस की एक-दोन नावंच उरतील, आणि मग भांडायलाही फार काही उरणार नाही.

घड्याळापासून सुरू करू. शनिवारी पहाटे सहाला कोथरूड सोडलं आणि रविवारी संध्याकाळी सहाला परत आलात, तर एकूण ३६ तास. आठ तास झोपेचे गेले, उरले २८. गणपतीपुळे पुण्याहून सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. आठ तास जायला, आठ यायला, म्हणजे हातात १२ तास, आणि त्यांत जेवणं-आंघोळीही आल्या. तारकर्ली त्याहून लांब. ही दोन्ही नावं आत्ताच खोड. सोमवार-मंगळवारला जोडून सुट्टी आली की काढ. दापोलीकडचं मुरूड, कर्दे, आंजर्लं हे त्याच्या अलीकडचं, पण पाच-सहा तास धरावे लागतात. तिथं दोन रात्री राहिलात तरच हर्णैचा मासळीचा लिलाव, कड्यावरचा गणपती आणि दुपारची झोप हे सगळं जमतं. एका रात्रीसाठी नियम साधा ठेव: एका बाजूचा प्रवास साडेचार तासांच्या आत.

या नियमात अलिबाग बसतं. अंतर दिवेआगरपेक्षाही थोडं कमी, निम्मा रस्ता द्रुतगती मार्गाचा. पण खोपोली-पेण करून वडखळला पोचलास की शनिवारी सकाळी तिथं अर्धी मुंबई आलेली असते, आणि उरलेली बोटीनं येते. म्हणजे पुण्याहून गाडी हाणत जायचं आणि मुंबईच्या दरानं खोली घ्यायची. मधल्या वारी जाता आलं तर नागाव किंवा आक्षी जरूर बघ. शनिवार-रविवारी नको.

काशीदची वाळू फोटोत सुंदर दिसते, तिथल्या लाटा मात्र जोरदार आहेत आणि बुडण्याच्या घटना वारंवार होतात. त्याबद्दल पुढे लिहितो.

उरलं दिवेआगर, आणि माझं मत तिकडेच झुकतं. रस्ता असा: चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, मग मुळशी धरणाच्या कडेनं ताम्हिणी, घाट उतरून निजामपूर, माणगाव. माणगावात मुंबई-गोवा महामार्गावरून थोडं जाऊन म्हसळ्याकडे वळायचं आणि पुढे दिवेआगर. सगळं मिळून १६० किलोमीटरच्या आसपास, नाश्त्याचा थांबा धरून साडेचार तास. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचा मोह टाळ. भूगाव-पिरंगुटपर्यंतच दीड तास जातो, आणि मग घाट अंधारात येतो. घाटात फोनला रेंज नसते, आणि एकदा पौड सोडलं की माणगावपर्यंत पंपाच्या भरवशावर राहायचं नाही. त्यामुळे टाकी शुक्रवारीच भर. सीएनजीची गाडी असेल तर हे दुप्पट लागू. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून ३७० किलोमीटर होतील. गाडी लिटरला १५ देत असेल तर २५ लिटर पेट्रोल, हा हिशेब आधीच करून ठेव.

तिला गाडी लागते का, हे विचारलंस का? ताम्हिणीची वळणं संपली असं वाटतं तोवर माणगाव-म्हसळा रस्त्याची सुरू होतात. लागत असेल तर तिला पुढच्या सीटवर बसव, रिकाम्या पोटी निघू नका आणि तेलकट मिसळ खाऊनही नको. साधी पोळी-भाजी किंवा केळं बरं. गोळी घ्यायची असेल तर निघायच्या अर्धा तास आधी. घाटाच्या मधोमध घेतलेल्या गोळीचा उपयोग फक्त झोप येण्यापुरता.

आता पंचांग. ही गोष्ट हॉटेल बुक करणाऱ्या दहांतल्या नऊ जणांच्या डोक्यात येत नाही, आणि मग संध्याकाळी किनाऱ्यावर गेल्यावर कळतं की चालायला जागाच नाही. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. कोकणात याचा तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. जुन्या शाळेत पाऊणकी पाठ करून घ्यायचे, ती इथे कामाला येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला आणि अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. दहा-वीस मिनिटं किंवा कधी अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण वीकेंड निवडायला एवढं पुरेसं आहे.

याचा अर्थ काय, ते बघ. चतुर्दशी ते प्रतिपदा या दिवसांत ओहोटी संध्याकाळी पावणेपाच ते सातच्या दरम्यान येते, म्हणजे ऐन सूर्यास्ताला. दिवेआगरचा किनारा सपाट आहे, उतार फारच कमी. त्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि मागे ओली, घट्ट, आरशासारखी वाळू राहते. तिच्यावरून अनवाणी तासभर चालता येतं. पौर्णिमा असेल तर सूर्य समोर बुडत असताना चंद्र मागे माडांच्या आडून वर येतो, आणि रविवारी पहाटे लवकर उठलात तर तोच चंद्र समुद्रात मावळताना दिसतो. उलट अष्टमीच्या आसपास गेलास तर ओहोटी भर दुपारी बाराला, जेव्हा वाळूवर पाय ठेववत नाही, आणि संध्याकाळी सहाला भरती. तेव्हा चालायला वरची कोरडी, भुसभुशीत वाळू तेवढी उरते. तिच्यात पाय रुततात आणि दहा मिनिटांत पोटऱ्या दुखतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातच्या. म्हणून थंडीत पौर्णिमा-अमावस्येचा दिवस आणि उन्हाळ्यात त्याच्या पुढची प्रतिपदा सोयीची. पंधरवड्यातून एक वीकेंड तरी या तिथ्यांच्या जवळ पडतोच. भिंतीवरचं कालनिर्णय काढ आणि आजच खूण कर. तिच्या महिन्याच्या तारखाही त्याच वेळी विचारून घे, लाजू नकोस. समुद्रावर जायचं असेल तर हे आधी बोललेलं बरं.

या सोयीला एक दुसरी बाजू आहे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि ओढतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा ओढ कमी. म्हणून तुमच्या त्या सुंदर संध्याकाळी पाण्यात खेळायचं ते घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. ओहोटी चालू असताना पाणी बाहेर ओढत असतं, आणि पायाखालची वाळू सरकल्याचं कळेपर्यंत माणूस कमरेइतक्या पाण्यात गेलेला असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याजवळ पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी असेच गेले. खाडीच्या तोंडाजवळ उतरायचं नाही. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधे जो शांत, लाटाच नसलेला पट्टा दिसतो तिथं तर मुळीच नाही, कारण आत आलेलं पाणी तिथूनच परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा.

हरिहरेश्वरला गेलात तर देवळामागची समुद्राकाठची प्रदक्षिणा फक्त ओहोटीला करा, आणि सुरू करण्यापूर्वी गावातल्या कुणाला तरी वेळ विचारा. खडकावर शेवाळ असतं, आणि लाट पाठीमागून येते. आणखी एक: गाडी वाळूवर घालायची नाही. कितीही घट्ट वाटली तरी चाक एका जागी फिरलं की खाली जातं, आणि मग भरती येईपर्यंत ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

दिवेआगर गावाबद्दल थोडं. घरं नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहेत आणि वाडीच्या मागे समुद्र. श्रीवर्धनी रोठा सुपारी याच पट्ट्यातली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथूनच आत शिरलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यामुळे जुन्या फोटोंत दिसते तितकी दाट सावली सगळीकडे मिळेल असं समजू नकोस. पोफळ उभी राहायला वर्षं लागतात. बघायला सुवर्णगणेशाचं आणि रूपनारायणाचं देऊळ, दोन्हींना मिळून तासभर पुरे. आणि मोकळा वेळ असेल तर आरावी, कोंडविल करत समुद्राला चिकटून श्रीवर्धनला जाणारा रस्ता. फिरायचं असेल तर तेवढंच. दिवेआगर, हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि वर जंजिरा असा सगळा रायगड एका वीकेंडमध्ये कोंबणारी जोडपी रविवारी एकमेकांशी बोलत नसतात.

वेळासच्या कासवांचं कुणी सुचवेल. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघणं अपूर्व आहे, पण हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, पिल्लं बाहेर येतील की नाही याची खात्री नाही, आणि राहायचं ते गावकऱ्यांच्या घरात, बहुतेकदा चार अनोळखी माणसांसोबत. मित्रांना घेऊन जा. या वीकेंडसाठी ते नाही.

आता जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर हे सगळं विसर. पावसाळ्यात समुद्र गढूळ आणि खवळलेला, जंजिऱ्याच्या होड्या बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर बंदी, म्हणजे ताज्या पापलेटाच्या आशेनं जुलैत कोकणात उतरणाऱ्याच्या ताटात बर्फातलं येतं. तेव्हा घाटमाथ्यावर थांबायचं: मुळशी, वेल्हे, पानशेत, भोर. पण तिथं जागा निवडताना एकच गोष्ट बघ, खोलीला स्वतःचा मोठा, वरून झाकलेला व्हरांडा आहे का. कारण बाहेर पाऊस कोसळत असताना तुम्ही २४ तासांतले १५ तास तिथंच बसणार आहात. व्हरांडा नसेल तर ओलसर गादी आणि टीव्ही. कपडे वाळत नाहीत, तेव्हा तीन जोड जास्त घ्या आणि बुटांऐवजी सँडल. धबधब्यांवर आणि धरणांवर जायला जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात, ते आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बघून घे. पवनेच्या तंबूंबद्दल एवढंच सांगतो की कापडाला भिंत म्हणत नाहीत, आणि शेजारच्या तंबूतला स्पीकर रात्री दोनपर्यंत तुमचाही असतो.

भंडारदऱ्यापुढचं प्रश्नचिन्ह काढू नकोस. पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, काजवे असतात. झाडंच्या झाडं एकदम उजळतात आणि विझतात. पण त्याच तीन-चार वीकेंडना अख्खं पुणे, नाशिक आणि मुंबई तिथं हेडलाइट लावून येतात, आणि उजेडात काजवा चमकत नाही. रजा काढून मंगळवार-बुधवारी जमलं तर जा.

थंडीत समुद्र नको असेल तर एक जागा तुझ्या यादीत नाही, आणि ती असायला हवी होती: भिगवण. सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर, दोन-सव्वादोन तास, घाट नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगाव आणि डिकसळला होड्या मिळतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे तर धरणाचं पाणी ओसरायला लागलेलं हवं, कारण चिखल उघडा पडल्याशिवाय ते चरायला येत नाहीत. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी डिसेंबरात धरण काठोकाठ असतं आणि लोक रिकाम्या हातानं परततात. जानेवारीअखेर ते मार्च हा खात्रीचा काळ. जाण्यापूर्वी नावाड्याला फोन करून सरळ विचार, रोहित किती आणि किती लांब. शनिवारी दुपारी पोचा, रात्री तिथंच राहा आणि सूर्य उगवण्यापूर्वी होडीत बसा. धुकं असतं, वारा बोचतो, मफलर विसरू नका. दहाला परत येऊन चिलापीचं कालवण आणि भाकरी. जागा साध्या आहेत, सजवलेल्या खोल्यांची अपेक्षा ठेवू नकोस. पण रविवारी दुपारी तीनला तुम्ही पुण्यात असता, न थकता, आणि दोघांपैकी कुणालाही समुद्राचं वेड नसेल तर माझ्या मते हे दिवेआगरपेक्षा सरस.

ती शाकाहारी आहे आणि शांत, जुन्या वाड्यांचं वेड आहे असं असेल तर वाई. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, वर धोम धरणाचं पाणी. महाबळेश्वरला जाणारी गर्दी सरळ पसरणीचा घाट चढते, तुम्ही खालीच थांबायचं.

गाव ठरलं की फोन. ॲपवरचे तारे कमी बघ, मालकाशी जास्त बोल. पहिला प्रश्न भाड्याचा नको. पहिला प्रश्न: त्या शनिवारी मोठा ग्रुप आहे का? २० जणांनी तीन खोल्या घेतल्या असतील तर तुमची चौथी खोली कितीही छान असली तरी रात्र त्यांची. दुसरा: समुद्र किती मिनिटांवर, आणि वाट वाडीतून जाते की रस्त्यानं? 'सी टच' हा शब्द फार सैल झालाय, नकाशावर स्वतः मोजून घे. मग वीज गेल्यावर काय, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. जनरेटर असेल तर तो तुमच्या खिडकीखाली आहे का? गरम पाणी सौर असेल तर ते किती वाजेपर्यंत? खोली किती वाजता मिळेल? तुम्ही साडेदहाला पोचाल आणि खोली बाराला असेल, तेव्हा बॅगा ठेवून पोहे मिळतील का, हे आधी ठरव.

जेवणाचं वेगळं सांगतो, कारण तिथंच जास्त चुका होतात. घरगुती खानावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो. शनिवारचं दुपारचं जेवण शुक्रवारी सांगायचं. अडीचला अचानक जाऊन उभं राहिलात तर चूल विझलेली असते आणि त्यांचा काही दोष नसतो. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशी आकडा सांग, दोघांना पाच पुरेत. काही घरांत मासळी अजिबात चालत नाही, बाहेरून आणलेलीही नाही. ते फोनवरच विचार.

तुमचं लग्न झालंय की नाही हे मी विचारत नाही, पण घरमालक विचारेल. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कायद्याची आडकाठी नाही. पण राहत्या घरात खोल्या देणारी मंडळी नकार देतात, आणि रात्री आठला दारात उभं राहून वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून फोनवर स्वच्छ सांग, "आम्ही दोघं आहोत, लग्न झालेलं नाही, दोघांची ओळखपत्रं देऊ, चालेल ना?" होकार व्हॉट्सॲपवर लिहून घे. आधार दोघांचंही बरोबर हवं. पॅनवर पत्ता नसतो, ते चालत नाही.

पैसे सगळे आगाऊ देऊ नकोस, निम्मे दे, आणि तेही खोलीचा व्हिडिओ मागवल्यावर. जाहिरातीतला नंबर आणि नकाशावरचा नंबर वेगळा निघाला तर दोन्हीकडे फोन कर. दुसऱ्याचे फोटो लावून आगाऊ रक्कम उकळणारे बरेच झालेत. रद्द केलं तर किती परत मिळणार हेही लेखी असू दे.

परतीचं शेवटी. दिवेआगरहून रविवारी साडेदहा-अकराला निघा, साडेबाराच्या आत माणगाव पार करा. जेवून दोनला निघालात तर माणगावच्या बाजारपेठेत मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत उभे राहाल आणि ताम्हिणी अंधारात चढाल. सोमवारची अर्धी रजा मिळत असेल तर त्याहून चांगलं: रविवारी रात्रीही तिथंच राहा. रविवारी दुपारनंतर किनारा रिकामा होतो, खोलीचा दर बहुतेक ठिकाणी उतरतो, आणि सोमवारी पहाटे पाचला निघून साडेनऊ-दहापर्यंत चांदणी चौक.

तारीख आणि तिथी कळव, पाऊणकी मीही एकदा करून बघतो.

तुझा,
काका